आवडाबाईंच्या सहीखालचं तिकीट

मी एक रुपयाचं तिकीट बोलतोय. पत्राच्या पाकिटावर बसतं ते नव्हे हं, तो आमचा दूरचा भाऊ. मी रेव्हेन्यू स्टॅम्प. सरकारी भाषेत माझं नाव भारदस्त आहे, महसुली मुद्रांक, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. लोक दुकानात येतात आणि विचारतात, "पावतीचं तिकीट आहे का?" मला तेच आवडतं. त्यात माझ्या कामाचं नाव आलं.

दिसायला मी लहान आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. पण मूर्ती लहान, कीर्ती महान हे कुणी माझ्याकडे बघूनच म्हटलं असावं असं मला अजूनही वाटतं. पाच हजारांच्या वर रोख रक्कम घेतल्याची पावती लिहा, कितीही सुंदर अक्षरात लिहा, माझ्याशिवाय ती अपुरी. आधी मला चिकटवायचं, मग माझ्या अंगावरून सही करायची. ती सही झाली की माणूस नंतर "मी पैसे घेतलेच नाहीत" असं म्हणू शकत नाही. एवढा विश्वास सरकारने माझ्या नखभर छातीवर ठेवलेला आहे.

माझा जन्म नाशिकरोडच्या छापखान्यातला. पाठीला गोंद, कडेने भोकांची नक्षी आणि अंगाला शाईचा ताजा वास. शेजारीपाजारी सगळे माझ्यासारखेच, त्यामुळे तिथे गर्व करायला वाव नव्हता. गर्व मला पुढे जगात आल्यावर झाला, आणि त्याला कारणही तसंच घडलं.

मी आलो डोंबिवलीत, साईनाथ नावाच्या एका स्टेशनरीवाल्याकडे. पोस्टात आमचा कायम दुष्काळ असतो, म्हणून साईनाथसारख्यांचं फावतं. काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी त्याने आम्हाला ठेवलं होतं. जुलै महिना होता, तीन वर्षांपूर्वीचा. एक बाई आल्या, खांद्याला ऑफिसची पर्स, हातात भाजीची पिशवी. पाच तिकिटं मागितली आणि भाव ऐकून थबकल्या.

"अहो, रुपयाचं तिकीट दोन रुपयांना?"

"ताई, पोस्टात जा, रांगेत उभ्या राहा," साईनाथ म्हणाला, "आणि मिळालीच तर माझ्यासाठी पण आणा."

बाई हसल्या आणि पैसे दिले. अंगावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकलं जाण्याचं भाग्य या देशात किती जणांना मिळतं? मी पर्समध्ये गेलो तो अशा तोऱ्यात. बरोबर माझी चार भावंडं होती.

या बाईंचं नाव संचिता. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात बिलांचं काम करायच्या. राहायला ठाकुर्लीच्या जुन्या गावठाणात, आवडाबाई मढवींच्या चाळीतल्या एका खोलीत, भाड्याने. नवरा विनीत. तो शहाडच्या एका कारखान्यात होता, पण कारखाना बंद पडला आणि गेलं वर्षभर तो घरीच होता. गडी हसतमुख, हाताला काम मिळालं तर सोनं करेल असा. त्याने डोक्यात एकच घेतलं होतं: घरघंटी घ्यायची. घरच्या घरी दळणं घ्यायची, दिवाळीला भाजणीच्या ऑर्डरी घ्यायच्या. आजूबाजूच्या बायकांनी तर आगाऊ सांगूनही ठेवलं होतं. अडलं होतं ते फक्त घरघंटीच्या किमतीवर.

तेवढीच रक्कम, गंमत बघा, संचिताच्याच पगारातून कापली गेली होती.

ते मी पर्समध्ये बसून ऐकलं, म्हणून सांगतो. पगारात घरभाडे भत्ता असा एक आकडा असतो. तुम्ही खरोखर भाड्याच्या घरात राहत असाल तर त्यातल्या काही भागावर कर लागत नाही. फक्त तसं दाखवावं लागतं. मालकाने दिलेली पावती हवी, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन नंबरही हवा. आवडाबाईंच्या खोलीचं भाडं लाखाच्या जरासंच वर जात होतं. ऑफिसने जानेवारीत कागद मागितले, संचिताकडे एकही नव्हता. मग ऑफिसने करायचं ते केलं. पुढच्या पगारांतून कर कापून सरकारजमा केला.

पण दरवाजा पुरता बंद झालेला नव्हता. जुलैअखेर विवरणपत्र भरताना भाड्याची सूट तिथे मागता येत होती. त्या साली पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर माफ होता. संचिताचं उत्पन्न त्या रेषेच्या थोडकं वर, आणि भाड्याची सूट धरली की रेषेच्या खाली. म्हणजे कापलेला सगळा कर परत. म्हणजे घरघंटी. आणि या सगळ्याला लागत होती आवडाबाईंची सही, माझ्यावर.

आता आवडाबाई कोण ते सांगितलं पाहिजे. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. गावठाणातलं घर आणि त्याला लागून चार खोल्या, एवढं त्यांच्या नावावर. एके काळी पलीकडची भाताची शेतं त्यांची होती, आज तिथे लिफ्टच्या इमारती आहेत. भाडं त्या रोख घेत, दर महिन्याच्या सुरुवातीला, ओट्यावर बसून. पैसे कपाळाला लावत आणि आत जाऊन ओंजळभर तांदूळ आणून भाडेकरणीच्या पदरात, ओढणीत, नाहीतर पिशवीत टाकत. पैसे देऊन गेलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, अशी त्यांची रीत होती. पावती द्यायची रीत मात्र नव्हती.

संचिता मला आणि माझ्या भावंडांना घेऊन त्यांच्या ओट्यावर गेली. पावत्या लिहून आणल्या होत्या, तिमाहीची एक, अशा चार. पाचवं तिकीट जास्तीचं, एखादं खराब झालं तर असू दे म्हणून.

"आजी, भाड्याची पावती हवी होती. इथे फक्त सही करायची, आणि तुमचा पॅन नंबर."

आवडाबाईंनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मना कागद नको दाखवू गो बाय. भारा दे, तांदूल घे. ह्योच माझा कागद."

"पण आजी, माझे कापलेले पैसे परत मिळतील."

"मिलतील तुना. आन् माझी खोली जाईल त्याचा काय? आमचे मालकान एका कागदाव आंगठा दिला, हातउसने घेतलेल्या पैशाची चिठ्ठी म्हनून. ती शेताची निघाली. उभा शेत जेला! तवापासून मी कुनाचे कागदाव नाव नाय टाकला."

मालक म्हणजे त्यांचे यजमान, काळुराम. ते वारून बरीच वर्षं झाली होती. आत त्यांचा नातू हर्षित मोबाइलवर बोलत होता, तोही बाहेर आला. चांगला शिकलेला मुलगा, बँकेच्या परीक्षा देणारा. त्याची भीती वेगळी.

"ताई, पॅन नका मागू प्लीज. आजीने कधी रिटर्न भरलेलाच नाही. तुम्ही तिकडे भाडं दाखवलं की हिला नोटीस येणार. या वयात कुठे धावू मी तिला घेऊन?"

संचिता तेवढं भाडं देऊन, तांदूळ घेऊन परत आली. माझी काय अवस्था झाली असेल? ज्याला सरकार मानतं, त्याला एका म्हातारीने हातसुद्धा लावला नाही! मला रागच आला होता. पण काळुरामांचा अंगठा आठवला आणि राग गिळला. कागदाने एकदा पोळलेलं माणूस तिकीटही फुंकून पिणार.

जुलैचे दिवस सरत होते. एका रविवारी दुपारी संचिता भांडी घासत असताना विनीतने पर्स उघडली.

"अगं, एवढं काय त्यात? तुझ्या ऑफिसात सगळे स्वतःच सही मारतात, तूच सांगितलंस ना? पॅन शहाडच्या मामांचा टाकू. ते नाही म्हणणार नाहीत. कागदावर मालक तेच दाखवू."

"आणि पावतीवर नाव आवडाबाईंचं?"

"आधी त्यांच्या सहीचा जरा सराव करून बघतो. मग ठरवू कोणाचं टाकायचं."

तोवर त्याने आमच्यातल्या एकाला जीभ लावून एका कोऱ्या कागदावर चिकटवलंही होतं. माझा सख्खा शेजारी. त्याच्या अंगावरून विनीतने डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं, "आवडाबाई का. मढवी." म्हातारीचं अक्षर असंच असणार, अशी त्याची समजूत. ते बिचारं माझ्याकडे बघत होतं आणि मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो. आमच्या जातीला याहून मोठी नामुष्की नाही. आम्ही खऱ्याची साक्ष द्यायला जन्मतो, आणि त्याच्या छातीवर खोटं लिहिलं गेलं.

संचिता ओल्या हातांनीच आली. कागद बघितला आणि टराटर फाडला.

"वेड लागलंय का तुला? पैसे परत नाही मिळाले तरी चालतील मला."

"मला नाही चालणार!" विनीतचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वर्षभर तुझ्या पगारावर जेवतोय मी, संचिता. घरघंटी काय हौस म्हणून मागतोय का?"

मग संचिता त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"कळतं रे मला. पण त्या बाईच्या घरात राहायचं, तिचे तांदूळ शिजवून खायचे आणि तिचंच नाव चोरायचं? तिचं एकदा गेलंय ते असंच गेलंय."

फाटलेले तुकडे विनीतने स्वतःच गोळा केले. केराच्या डब्यात टाकणार होता, पण संचिताने ते मागून घेतले आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले. मला वाटलं, ही आता हे कशाला जपतेय?

संध्याकाळी ती पर्स घेऊन पुन्हा ओट्यावर गेली. विनीत मागून आला, चप्पल काढून खालीच उभा राहिला. आवडाबाई वाल सोलत होत्या.

"आजी, एक सांगायचंय. रागवा हवं तर. आमच्या घरात तुमच्या नावाची खोटी सही झाली. मी फाडून टाकली. पण तुम्हाला न सांगता मला झोप नसती लागली."

"मी केली, आजी," विनीत खालून म्हणाला.

आवडाबाईंचा हात थांबला. मला वाटलं, आता दोघांना खोली खाली करायला सांगणार. आतून हर्षितही ताडकन बाहेर आला. आवडाबाईंनी हात पुढे केला. संचिताने तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते ओट्यावर मांडले, जोडले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले.

"ह्यो माझा नाव?"

त्यांनी त्यातला एक तुकडा उचलून विनीतला दाखवला.

"एवरा वाकरा? ह्यो 'ड' बगा, पोट फुगलेल्या बेडकावानी. मी असा लिवते? कुनी सांगला तुना, मी असा लिवते?"

"आजी, मला वाटलं..."

"काय वाटला? म्हातारीला येत नसेल? साक्षरतेच्या वर्गान मी पयली आल्ते! मास्तरीन माझी पाटी सगल्यांना दाखवाची." त्यांचा आवाज चढतच गेला. "हर्षित, पेन आन. आन गो तो कागद, दाखवते."

आणि मग एकदम थांबल्या. पेन हातात होतं. पण भीती एका झटक्यात कुठे जाते?

"वाच आधी. एकेक शब्द वाच."

संचिताने पावती वाचली. ठाकुर्ली गावठाण येथील खोलीचे भाडे, अमुक महिन्यांचे, रोख, भाडेकरू संचिता हिच्याकडून घरमालकीण श्रीमती आवडाबाई काळुराम मढवी यांना पोचले.

"आजून एकदा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"घरमालकीन म्हनून कोनाचा नाव हाय?"

"तुमचं, आजी."

"लिवलाय तसा?"

"लिहिलंय ना. हे बघा, इथे. भाडं तुम्ही घेतलं म्हणजे खोली तुमची, हेच तर लिहिलंय यात. म्हणून सही मी नाही करत, तुम्ही करता."

आवडाबाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "आमचे मालकाचे कागदाव आमचा नाव कंदीच नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "जेनी शेत घेतला तेचाच होता." मग मान वर करून म्हणाल्या, "चिकटव."

हर्षित अजून कुरकुरत होता. पण त्याने मोबाइलवर स्वतःच हिशोब मांडला. चार खोल्यांचं भाडं, त्यातले तीस टक्के कायद्यानेच वजा होतात, वर आजी ज्येष्ठ नागरिक. कर शून्य येत होता. "रिटर्न भरू हिचा पण," तो शेवटी म्हणाला, "एकदाची भीती जाईल." आणि देवघरातल्या डब्यातून आजीचं पॅन कार्ड घेऊन आला.

संचिताने मला चिकटवलं. विनीतसारखी जीभ लावून नाही, पाण्यात बोट बुडवून. आवडाबाई पाय दुमडून ताठ बसल्या, पाटी धरल्यासारखा कागद धरला आणि लिहायला लागल्या. आ. व. डा. एकेका अक्षराला श्वास घेत होत्या. पेनचं टोक माझ्या अंगावरून सरळ गेलं. आवडाबाई काळुराम मढवी, इतकं सगळं लिहिलं. माझ्यावर मावलं नाही, दोन्ही बाजूंना कागदावर उतरलं, आणि तसंच ते उतरायला हवं असतं.

मी त्या दिवसापासून स्वतःला साधं तिकीट समजत नाही. माझ्या भाऊबंदांवर रोज ठाणे जिल्ह्यात मोठमोठे लोक घाईघाईत रेघोट्या मारतात. "ह" कुठला आणि "र" कुठला ते त्यांचं त्यांना कळत नाही. माझ्यावर एका बाईने तिचं संपूर्ण नाव लिहिलंय, वाचता येईल असं, हिंमत करून. उरलेल्या तीन पावत्यांवरही त्यांनी सही केली, पण पहिला मी.

विवरणपत्र वेळेत भरलं गेलं. गणपतीच्या आसपास संचिताच्या मोबाइलवर संदेश वाजला, कापलेला कर खात्यात परत आला होता. विनीतने तो संदेश स्वतः चार वेळा वाचला आणि मग उगाचच बाहेर जाऊन उभा राहिला. दसऱ्याला खोलीत घरघंटी आली, झेंडूची माळ घालून.

तिची पूजा बघायला आवडाबाई आल्या. यंत्राला हळदकुंकू वाहून झालं, पेढा खाल्ला, घरघंटी चालू करून बघितली. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. खुर्चीत नीट बसल्या आणि पदर सावरून विचारलं,

"मंग? माझी सही बगून काय बोलला तो इनकम टॅक्सचा सायब?"

संचिता आणि विनीत एकमेकांकडे बघायला लागले. कपाटातल्या फायलीत मीही कानकोंडा झालो. कारण खरं होतं ते फार वाईट होतं. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर. आकडे भरायचे, मालकाचा पॅन भरायचा, झालं. पावती कुणाला पाठवायचीच नसते, आपल्याजवळ जपून ठेवायची असते. मला कुठल्याही साहेबाने बघितलेलं नव्हतं.

"आजी," विनीत चाचरत म्हणाला, "पावती बघितली नाही कोणी. तशी पद्धत नाही. नोटीस आली तरच दाखवायची असते."

"म्हंजे? कोनीच नाय?"

"कोणीच नाही." आणि मग त्याच्या तोंडून निसटलं, "म्हणजे तसं मी मारली असती तरी चाललं असतं."

आवडाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने घरघंटीच बंद केली.

"तुझी चालली असती," त्या म्हणाल्या. "माझी तुना दाखवता येते. काय बोललास, नोटीस आली का दाखवाची?"

"हो."

"मंग येऊ दे नोटीस! मी सोता येते तुज्याबरोबर दाखवाला."

हर्षित दारात उभा होता. तो कपाळावर हात मारून हसायला लागला, आणि मग सगळेच हसले. आवडाबाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच नोटीस हवी होती.

आज मी त्याच फायलीत आहे, प्लॅस्टिकच्या कप्प्यात. गोंद थोडा पिवळा पडलाय, पण सही निळीशार आहे. बाहेर जग बदललं. आता नवी करपद्धत आलीय, तिच्यात घरभाड्याची सूट नाही, आणि बहुतेकांना तीच परवडते. संचिताही त्याच वाटेने गेली. पुढच्या वर्षांत तिने पावत्या मागितल्या नाहीत. आवडाबाईंनी मात्र एकदोनदा आठवण केली, "या वर्षी नको का गो सही?" आणि भाडं आता मोबाइलवरून जातं, त्यामुळे रोखीची पावती आणि आम्ही, दोघांचीही गरज आटत चाललीय. साईनाथच्या काचेखाली आम्ही पडून असतो, आणि आता तो आम्हाला रुपयालाच देतो म्हणे.

मला त्याचं दुःख नाही. माझं काम झालं आणि ते खरं झालं. तुम्हाला एकच विनंती. दिवाळीची साफसफाई करताना जुनी फाइल हातात आली, तर पावत्या सरसकट रद्दीत घालू नका. एकेक उघडून बघा, कुणाचं नाव कुणी लिहिलंय ते.

संचिता कधीतरी फाइल काढते, तेव्हा विनीत म्हणतो, "आता काही नोटीस येत नाही, टाकून दे." ती मला परत कप्प्यात सरकवते. पण नोटीस आलीच कधी, आणि कुणी साहेबाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही सही कोणाची?" तर फाइल उघडायच्या आधीच शेजारच्या घरातून उत्तर येईल. आवडाबाई आजही ओट्यावरच बसलेल्या असतात, आणि पोस्टमन दिसला की आधी त्याच उठतात.